हेमराज मिस्त्रीची लाल रेघ

पांढुर्ण्याच्या हेमराज कळंबे मिस्त्रीचा जगात कोणावरच विश्वास नव्हता, आणि वर या गोष्टीचा त्याला अभिमान होता. दूधवाला दूध ओतून गेला की हा भांडं नाकाशी धरायचा. मग बायकोला, सुचिताबाईला, वास घ्यायला लावायचा. तिनं 'चांगलं आहे ना जी' म्हटलं की तिच्या तोंडाकडे पाहत राहायचा, ही दूधवाल्याची बाजू काहून घेऊन राहिली म्हणून. बसचा कंडक्टर 'सौंसर, सौंसर' ओरडला तरी हा खिडकीतून वाकून दुकानाची पाटी वाचल्याशिवाय उतरायचा नाही. ज्या गावात जन्मभर उतरला त्या गावाची पाटी काय वाचायची, पण नाही.

घरात हा स्वभाव म्हणजे डोक्याला ताप होता. धंद्यात मात्र याच स्वभावानं त्याला वर आणलं.

धंदा जनरेटरचा. त्यातही मिलिट्रीच्या जुन्या जनरेटरचा. फौज आपले डिझेल सेट ठरावीक वर्षांनी नीलामात काढते. व्यापारी ते घेतात, हिरवा रंग मारतात आणि 'फौजेचा माल आहे, चाललाच नाही' म्हणून विकतात. माल दणकट असतो, यात वाद नाही. पण वर्षानुवर्षं उभा राहून त्याचे रबर वाळतात, टाकीत गंज धरतो, उरलेलं डिझेल डिंकासारखं चिकट होतं. त्याला चोवीस व्होल्टची बॅटरी लागते, लोक ट्रॅक्टरची बारा व्होल्टची लावतात आणि मग फौजेच्या नावानं बोटं मोडतात. असा सेट आला की लोक हेमराजला बोलवत. तो आधी चाललेले तास दाखवणाऱ्या मीटरकडे पाहायचा आणि म्हणायचा, "हे खोटं." मग रंगाकडे पाहून म्हणायचा, "हे बी खोटं." मग लांब पेचकस इंजिनावर टेकवून त्याची मूठ कानाला लावायचा आणि बराच वेळ काही बोलायचा नाही. पांढुर्ण्यापासून मोहगावपर्यंत अशी रीतच पडली होती की हेमराज मिस्त्रीनं हो म्हटल्याशिवाय कोणी जुना सेट घेत नसे.

दुरुस्त करून दिलेला सेट दुसऱ्या कोणी उघडला तर कळावं, म्हणून त्यानं एक युक्ती काढली होती. काम झालं की डिझेल पंपाच्या प्रत्येक नटावर नेलपॉलिशची बारीक लाल रेघ मारायची, अर्धी नटावर, अर्धी पंपाच्या अंगावर. नट फिरला की रेघ तुटणार. रेघ तुटली म्हणजे कोणाचा तरी हात लागला. सुचिताबाई म्हणायची, "माह्या नखाले कधी लागली नाही तेवढी तुमच्या इंजिनाले लागली जी." हा फक्त गालात हसायचा. ही युक्ती त्यानं एकाच माणसाला सांगितली होती, श्रीधरला.

श्रीधर बाविसाव्या वर्षी त्याच्याकडे कामाला आला आणि दहा वर्षं राहिला. हात असा साफ की नोझल खोलून पुन्हा बसवला तर फडक्याला डाग नाही. हेमराजला तो काकाजी म्हणायचा आणि सुचिताबाईच्या हातची भाकर खायचा. हेमराजनं एवढा जीव कोणाला लावला नव्हता. म्हणजे जीव लावला होता, विश्वास ठेवला होता असं नाही. संध्याकाळी पान्ह्यांची पेटी तो श्रीधरसमोरच तपासायचा.

आणि मग आठ वर्षांमागे, फागुन महिन्यात, अभिजीतच्या शेडमध्ये ते झालं.

अभिजीतचं तिगावच्या रस्त्यावर संत्रा भरायचं शेड आहे. संत्री धुऊन, पुसून, चाळून पेटीत भरायची मशीन तिथं हेमराजनं दुरुस्त केलेल्या सेटवर चालायची. मृग बहार जोरात होता, दारात ट्रक उभे होते, आणि सेटनं अचानक काळा धूर ओकला. लोड घेईना. हेमराज आला, त्यानं कव्हर काढलं, आणि पंपाच्या तिन्ही नटांवरच्या रेघा तुटलेल्या दिसल्या. नट ढिले. पंप जागेवरून सरकलेला. पंप नवीन एलिमेंट, म्हणजे डिझेल दाबणारे आतले दट्टे, टाकून दहा दिवसांपूर्वी त्यानं स्वतःच बसवला होता. आणि आदल्या दिवशी फिल्टर बदलायला कोण आलं होतं? श्रीधर.

झालं. हेमराजनं डोक्यात सगळा हिशोब जुळवून टाकला. यानं पंप उघडला, आतले नवे एलिमेंट काढून घेतले, घासलेले टाकले, आणि घाईत नट नीट कसले नाहीत. शेडमधले हमाल, ट्रकवाले, स्वतः अभिजीत, सगळे उभे होते. त्या सगळ्यांसमोर हेमराज बोलला, "माह्या घरचं खाऊन माह्याच पंपात चोरी केली यानं. ह्या रेघा पाहा. ह्या रेघांची गोष्ट यालेच माहीत होती."

श्रीधर एक शब्द बोलला नाही. सांगितलं तसं त्यानं पंप उतरवायला हात लावला, निघालेले नट उचलून एका पिशवीत घातले, पिशवीला गाठ मारली, हातातला पान्हा मेजावर ठेवला आणि निघून गेला. न बोलणं म्हणजे कबूल करणं, असं हेमराजनं धरलं. त्या दिवशी दुसरा पंप लावून त्यानं शेड चालू करून दिलं, आणि उतरवलेला पंप पोत्यात गुंडाळून, नटांच्या पिशवीसकट घरातल्या फळीवर ठेवला. "पुरावा आहे माह्यापाशी," तो सांगत राहिला, आठ वर्षं, विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही. पांढुर्ण्यात श्रीधरला पुन्हा कोणी काम दिलं नाही. तो सौंसरला गेला.

यंदाच्या फागुनात सौंसरच्या डॉक्टर मृणालचा फोन आला. तिचं छोटं बाळंतपणाचं हॉस्पिटल आहे. "काका, मी मिलिट्रीचा एक सेट पाहून ठेवलाय. मागच्या महिन्यात ऑपरेशन चालू असताना लाइट गेली, माझा जुना सेट उठलाच नाही. आम्ही मोबाइलच्या उजेडात बाळ काढलं. मला ती भीती पुन्हा नको. तुम्ही हो म्हटलं तरच घेते, नाही तर परत पाठवते."

हेमराज दुसऱ्याच दिवशी पेटी घेऊन पोचला. हॉस्पिटलच्या मागच्या पत्र्याखाली हिरवा सेट उभा होता आणि त्याच्या बाजूला श्रीधर. केस कानांवर पिकले होते, बाकी तोच. सेट त्यानंच विकायला आणला होता. एवढ्या जोखमीच्या जागी त्याचा सेट पहिल्यांदाच लागणार होता.

"या, मिस्त्रीजी," श्रीधर म्हणाला.

काकाजी नाही म्हणाला. हेमराजच्या ते लक्षात आलं, पण त्याहून जास्त त्याच्या लक्षात आलं की नशिबानं सावज हातात आणून दिलं आहे. आज याला रंगेहाथ पकडायचा. मृणाल बाजूलाच उभी होती. हेमराजचा एक 'नाही' आणि श्रीधरचा सौंसरमधलाही धंदा बसला असता, हे तिघांनाही कळत होतं.

त्यानं मीटर पाहिलं. अठरा वर्षांत पावणेपाचशे तास.

"हे खोटं," तो म्हणाला.

"फौजेत सेट उभाच असते," श्रीधर म्हणाला. "हप्त्यातून एकदा अर्धा तास फिरवतात फक्त."

"मले शिकवून राहिला का तू?"

हेमराजनं नखानं रंग खरवडला. खाली तोच जुना रंग निघाला, दुसरा थर नाही. तेल बोटावर घेतलं, चोळलं, हुंगलं. रेडिएटरचं पाणी पाहिलं. चोवीसची बॅटरी होती, चोवीसचाच चार्जर. पेचकस लावून एकेक सिलिंडर ऐकला, आणि इंजिन असं एकसारखं चालत होतं की त्याला रागच आला. कुठंतरी पाणी मुरतं आहे, नाही तर जुना सेट एवढा चांगला असूच शकत नाही. मग तो पंपाकडे वळला आणि थबकला. पंपाच्या तिन्ही नटांवर पिवळ्या रंगाची रेघ होती. अर्धी नटावर, अर्धी अंगावर.

"ही तूच मारली ना," तो म्हणाला. "माह्या घरी शिकलेली विद्या."

"फौजेची आहे ती. सगळ्या सेटवर असते." श्रीधरनं प्लास्टिकच्या पिशवीतून एक जाड रजिस्टर काढलं. "हे सेटसोबत आलं. नेऊन वाचा."

"नेतोच," हेमराज म्हणाला. मृणालला त्यानं सांगितलं, "परवा सांगतो, डॉक्टरबाई. कागदं बी खोटे बनवतात आजकाल." श्रीधरचा चेहरा तेव्हा पडला, आणि हेमराजला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो अंगणात खाटेवर रजिस्टर घेऊन बसला, भिंग घेऊन. अठरा वर्षांच्या नोंदी एकाच माणसानं एका बैठकीत लिहिल्या असतील तर शाई सांगणार. पण शाई दर पानावर वेगळी होती. अक्षरं सात-आठ जणांची. कोणाचं 'क' लंगडं, कोणी तारखेखाली दोनदा रेघ ओढलेली. पानांच्या कोपऱ्यांवर तेलकट अंगठे, लहान-मोठे. एवढे अंगठे कोणी खोटे लावत नाही.

मग तो वाचू लागला. दर हप्त्याला अर्धा तास, खरंच. आणि मधूनमधून एकच ओळ, वेगवेगळ्या हातांची: 'रेखा टूटी मिली। नट अपने आप ढीला। स्प्रिंग वॉशर बदला, कसा, नई रेखा लगाई।' त्यानं पान उलटलं. पुढं पाच महिन्यांनी पुन्हा: 'रेखा टूटी। कंपन से।'

"काय झालं जी?" सुचिताबाईनं विचारलं. ती बाजूला बसून तूर निवडत होती. "चेहरा काहून असा झाला?"

"रेघ तुटली लिहून राहिले," हेमराज म्हणाला, "आणि कोणी विचारून नाही राहिलं का कोणं तोडली."

"मंग?"

"नट आपोआप ढिला झाला म्हणतात. थरथरीनं."

सुचिताबाईनं सुपावरून मान वर केली. "होते ना तसं? माह्या मिक्सरचा नट नाही का दर महिन्याले ढिला होत? तुमीच तं कसून देता."

हेमराज उठला. आठ वर्षांत त्यानं फळीवरचा तो पंप पुरावा म्हणून लोकांना लांबून दाखवला होता, उघडला मात्र कधी नव्हता. उघडायचं कशाला, रेघ तुटली होती ना. आज त्यानं पोतं सोडलं, पंप खाटेवर घेतला आणि खोलला. एलिमेंट बाहेर काढून पुसले. प्रत्येकावर बारीक खुणेचा ठोका होता, त्यानं स्वतः मारलेला. तेच नवे एलिमेंट. कोणी काही काढलं नव्हतं, कोणी काही टाकलं नव्हतं. एवढ्या वर्षांत एक ओरखडा नाही.

तरीही मन सहजासहजी ऐकतं का? त्यानं नटांची पिशवी ओतली. तीन नट. नट सुटू नये म्हणून त्याच्याखाली घालतात तो स्प्रिंगचा वायसर एकही नाही. आणि ताबडतोब, पाठ केल्यासारखं, त्याच्या तोंडून निघालं, "वायसर त्यानंच काढले. नट यानंच पिशवीत टाकले होते."

सुचिताबाई नुसती पाहत राहिली, आणि ते पाहणं शिव्यांपेक्षा वाईट होतं.

हेमराजनं पंप उजेडाकडे फिरवला. स्प्रिंगचा वायसर जिथं बसतो तिथं तो लोखंडाला चावतो, दाताचा व्रण राहतो. इथं तिन्ही जागी एकही व्रण नव्हता. फक्त साध्या नटानं घासून केलेली गोल चकाकी. वायसर तिथं कधी बसलेच नव्हते. मग त्याला तो दिवस आठवला. अभिजीतचे फोनवर फोन, वायसरची पुडी संपलेली, आणि आपण मनात म्हटलेलं, आज असंच लावू, उद्या नागपूरहून आले का टाकू. उद्या काही आला नाही. वायसर नाहीत म्हणून नट हळूहळू सुटले, पंप सरकला, टायमिंग बिघडलं, धूर निघाला. सगळं आपल्याच हातचं.

"दहा वर्सं जेवला तो इथं," सुचिताबाई म्हणाली. तिचा आवाज भरून आला होता. "मी तवाच म्हणत होती. पण माह्यावर तरी तुमचा कधी विश्वास होता?"

त्या दिवशी हेमराज जेवला नाही. त्याला स्वतःची एवढी शरम वाटली की आरशासमोरून जाताना त्यानं तोंड फिरवलं.

सकाळी तो पहिल्यांदा अभिजीतच्या शेडवर गेला. बहार चालू होता, हमाल होते, ट्रक होते. जिथं उभं राहून बोलला होता तिथंच उभा राहिला, पंप हातात घेऊन. "ऐका जरा," तो म्हणाला. मशीनच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नाही. अभिजीतनं मशीन थांबवली. "आठ वर्सांखाली म्या इथं श्रीधरले चोर म्हटलं होतं. चोरी झालीच नव्हती. मी वायसर टाकायचे इसरलो होतो. हे पाहा, एलिमेंट माह्या खुणेचे."

हमाल एकमेकांकडे पाहू लागले. निम्म्यांना ती गोष्ट ठाऊकच नव्हती. अभिजीत हसून म्हणाला, "जाऊ द्या ना मिस्त्री. कोणाले आठवते आता ते? आमाले तं एवढंच माहीत, का श्रीधरले शेडमध्ये एकटं सोडायचं नाही."

हेमराजनं त्याच्याकडे पाहिलं. संशयाचं कारण सगळे विसरले होते, आणि नजर ठेवायची एवढं बरोबर लक्षात राहिलं होतं.

"तेच इसरा म्हणून सांगाले आलो," तो म्हणाला. "येत्या बहाराले सेट त्याच्या हवाली करा. मी नाही येणार."

अभिजीतचं हसू गेलं. त्यानं मान हलवली, आणि हेमराज तिथून सरळ सौंसरच्या बसमध्ये बसला. या वेळी पाटी वाचायचं भान राहिलं नाही, दोन दुकानं पुढं जाऊन उतरला.

हॉस्पिटलमागं सेट चाचणीसाठी लोडवर चालू होता. मृणाल दारात उभी होती. हेमराज तिला म्हणाला, "घ्या, डॉक्टरबाई. याच्यापेक्षा चांगला सेट मी पाह्यला नाही. आणि याची देखभाल यालेच द्या, मले नका बोलवू." ती सुटकेचा श्वास टाकून आत गेली. श्रीधर फडक्याला हात पुसत उभा राहिला. एवढं सहज पार पडेल असं त्याला वाटलं नसावं, त्यानं हेमराजकडे जरा संशयानंच पाहिलं.

हेमराजनं पिशवीतून पंप काढून त्याच्यासमोर स्टुलावर ठेवला, आणि तीन नट. "एलिमेंट माहेच निघाले," तो म्हणाला. "आणि वायसर म्या टाकलेच नव्हते. शेडवर सगळ्यायले सांगून आलो."

श्रीधरनं पंपाला हात लावला नाही. "माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"वायसर नव्हते ते. नट पिशवीत टाकतानाच पाह्यलं होतं म्या."

हेमराजनं स्टुलावरचा एक नट उचलून पाहिला. आठ वर्षं, आणि याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. "मंग बोल्ला काहून नाही? तिथंच, सगळ्यासमोर?"

श्रीधरनं आवाज चढवला नाही. "बोललो असतो तं तुमी काय म्हटलं असतं? तुमी म्हटलं असतं, वायसर बी यानंच काढले."

'छे, असं कसं म्हटलं असतं' एवढं म्हणायला हेमराजचं काय जात होतं. पण काल दुपारी, खाटेवर, नेमकं हेच वाक्य त्याच्या तोंडून निघालं होतं, आणि सुचिताबाईनं ऐकलं होतं.

"काल बी म्हटलं," तो म्हणाला. "पिशवी उघडल्याबरोबर. तेच म्हटलं."

श्रीधर हसला नाही, रागावलाही नाही. त्यानं वाकून सेट बंद केला. इंजिन दोन-चार आचके देऊन थांबलं, आणि हॉस्पिटलमधून एका तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू येऊ लागलं.

"थंडा झाला का पंपाचे नट एकदा पाहून घ्या, मिस्त्रीजी," तो म्हणाला. "पहिल्या लोडनंतर ढिले होतात कधीकधी."

अजून मिस्त्रीजीच. हेमराजनं पेटीतून तेराचा पान्हा काढला, हातात तोलला आणि श्रीधरपुढं धरला.

"तू पाह्य," तो म्हणाला. "मी नाही पाहत."

आणि खरंच तो सेटकडे पाठ करून भिंतीजवळच्या बाकड्यावर जाऊन बसला. इंजिन थंड झाल्यावर मागं पान्हा नटावर बसल्याचा बारीक आवाज आला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. हेमराजचे हात शिवशिवत होते, मान आपोआप वळायला पाहत होती. त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि तो समोरच्या भिंतीकडे पाहत बसून राहिला.